मीठ मागणारा

१

पाहुण्यांच्या न्याहारीत मी कधी बदल करत नाही. घट्ट कोको, मैद्याच्या जाड पुऱ्यांसारखे गरम तळलेले बेक, कांद्यावर परतलेला खारा मासा आणि पपई. ते खात असतानाच दिवसाचा बेत सांगून टाकायचा. सकाळी होडीतून खारफुटीत, मग हाय नॉर्थच्या जंगलात, परतताना विंडवर्डला होड्या बांधणाऱ्यांकडे, आणि शनिवारी दुपारी आमच्याच अंगणात ढोल. कॅरियाकू बेटावर लोक दोनच गोष्टींसाठी येतात, आमचं रान बघायला आणि आमचे पूर्वज बघायला. मी दोन्ही दाखवते आणि दोन्हीचे पैसे घेते. मला त्याची लाज वाटत नाही. माझ्या वाटणीची लाज माझ्या आत्याला, टँटी ऑर्थियाला वाटते.

त्या आठवड्यात एकच पाहुणी होती. मारित, नॉर्वेची निवृत्त शिक्षिका, उंच, हसरी, दिसेल त्या झाडाचं नाव विचारणारी. तिला मी डॅडींची खोली दिली होती. त्या खोलीला समुद्राकडची खिडकी आहे, आणि डॅडी गेल्यापासून मम्मी तिथे झोपत नाही. ती बाहेरच्या खोलीत खाटेवर झोपते.

"रात्री गंमतच झाली," बेकला लोणी लावत मारित म्हणाली. "स्वप्नात एक माणूस आला. पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. फार सभ्य होता हं. म्हणाला, मला जेवायला घाला."

मम्मी चुलीपाशी होती. तिची पळी भांड्यातच थांबली.

"आणखी काय म्हणाला?"

"म्हणाला, मीठ घालून वाढा."

आमच्याकडे मेलेला माणूस आपल्या घरच्यांच्या स्वप्नात येऊन जेवण मागतो. त्याने मागितलं की गाव जेवतं, ढोल वाजतो आणि थडग्यावर नावाची शिळा बसते. तोवर तो गेला असं कुणी धरत नाही. डॅडींना जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांची शिळा कोरून आणलेली, घराखाली गोणपाटात गुंडाळून पडलेली. मम्मी रोज सकाळी उठायची ती तोंड उतरवूनच, कारण रात्री कुणी आलेलं नसायचं.

पण मेलेल्यांच्या ताटात मीठ नसतं. हे इथल्या रांगत्या पोरालाही ठाऊक आहे. मेलेले मीठ मागत नाहीत.

२

"कसा होता दिसायला?" मम्मीने मारितचा हात धरला होता. खरं तर चाचपडून मनगट धरलं होतं. मम्मीला काचबिंदू आहे. मधलं थोडंसं दिसतं, कडेचं सगळं गेलंय.

"डोक्यावर टोपी. खलाशाची असते तशी. उंच. आणि एक हात पाठीमागे धरलेला."

"डावा?"

मारितने डोळे मिटून आठवून पाहिलं. "हो. डावा."

मम्मी खाली बसली. पळी अजून तिच्या हातातच होती आणि तिच्यातून कोको जमिनीवर ठिबकत होता. "माझा फिट्झरॉय," ती म्हणाली. "आला गं बाई एकदाचा."

माझे वडील फिट्झरॉय क्वाशी मालाच्या जहाजावर होते. एकदा दोर सुटला आणि डाव्या हाताची दोन बोटं घेऊन गेला. तेव्हापासून फोटो काढायचा म्हटलं की तो हात पाठीमागे. त्यांच्या खोलीत पलंगासमोर जो फोटो आहे त्यातही तसाच आहे. डोक्यावर टोपी, डावा हात पाठीमागे.

म्हणजे गूढ वगैरे काही नव्हतं. मारित रोज तोच फोटो बघत झोपत होती. मेलेल्यांच्या बिनमिठाच्या ताटाची गोष्ट मीच तिला आदल्या शनिवारी रंगवून सांगितली होती. मेंदूने दोन्ही एकत्र कालवलं आणि मीठ उलटं घातलं. मी कॉलेजात शिकले आहे, एवढं मला कळतं.

मला आणखीही एक कळत होतं. मम्मीच्या डोळ्यांचं ऑपरेशन त्रिनिदादला होणार होतं. डॉक्टर म्हणाले होते, हे वर्ष जाऊ देऊ नका, नंतर मी काही करू शकणार नाही. आणि मम्मी बेट सोडायला तयार नव्हती. "मी तिकडे पडलेली, आणि इकडे तो मागायला आला तर?" हे एकच वाक्य मी तीन वर्षं ऐकत होते. शिळा बसली असती की ती विमानात बसली असती.

"डॅडीच आहेत, मम्मी," मी म्हणाले. "दुसरं कोण असणार?"

३

टँटी ऑर्थिया दुपारीच आली. ती डॅडींची थोरली बहीण. ढोलाची गाणी ती म्हणते, आणि ती म्हणत नाही तोवर आमच्याकडे कुणाचा पाय उचलत नाही. हे तिला चांगलंच माहीत आहे.

"तीन वर्षं मी त्याच्यासाठी गळा फोडतेय," तिने दारातूनच सुरुवात केली, "आणि माझा भाऊ मागायला गेला कुणाकडे? त्या गोऱ्या बाईकडे! अगं, तो तिच्याकडे काडेपेटी मागायला लाजला असता!"

"मारित त्यांच्या खोलीत झोपते, टँटी. जो समोर दिसेल त्याला मागितलं."

"मेलेला आपल्या माणसांना मागतो. परक्याला कोण मागतं? ज्याला आपलं कुणी नाही तो."

"हे बघ, तुला राग कसला आलाय सांगू? स्वप्न तुला पडलं नाही, याचा."

मम्मी "केर्लिन!" म्हणून ओरडली. टँटी मात्र शांतपणे माझ्याकडे बघत राहिली. शिकल्यापासून मला तिची ही नजर सहन होत नाही.

"मीठ मागितलं त्याने," ती म्हणाली.

"बाईला नीट ऐकू आलं नसेल."

"आणि ऐकू आलं असेल तर? ज्याने तुझ्या घरचं मीठ खाल्लं तो तुझ्या घरचा झाला. त्याला मग जा म्हणता येत नाही. म्हणून तर आपण आपल्या मेलेल्यांनासुद्धा बिनमिठाचं वाढतो, पोरी. लाडके असले तरी."

"म्हणजे मम्मीने आंधळं व्हायचं? तुझ्या मिठासाठी?"

टँटी मम्मीकडे वळली. "इडोरा, तुला काय वाटतं?"

"त्याने मागितलंय," मम्मी म्हणाली. "जे मागितलंय ते वाढायचं. मीठ तर मीठ."

"मग मी गाणार नाही," टँटी म्हणाली, आणि काठी टेकत निघून गेली.

४

रिवाज असा आहे की जेवणाच्या आदल्या दिवशी शिळा घरात आणतात, पांढऱ्या चादरीत गुंडाळतात आणि ज्याची आहे त्याच्या पलंगावर निजवतात. ढोलवाल्या मंडळींनी ती घराखालून काढून आणली. पलंग करकरला. मारितचं सामान मी माझ्या खोलीत हलवलं. ती नेहमीसारखी बडबडत नव्हती.

"काय झालं? घाबरलीस का?"

"नाही गं. किती सुंदर आहे हे सगळं." तिने कपड्यांची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "तो परत आला होता. काल. दुपारी जरा डोळा लागला माझा, तेव्हा."

"मग?"

"खूश होता. म्हणाला, पलंग रिकामा करतायत, बरं झालं." ती जराशी हसली. "आणि मला विचारलं, या घरातल्या बाईचं नाव काय."

बाहेर कुणीतरी ढोलाचं कातडं उन्हात तापवून बोटाने वाजवून बघत होतं. टक्. थांबून पुन्हा टक्.

"तू काय सांगितलंस?"

"इडोरा म्हणून सांगितलं. का? सांगायचं नव्हतं?"

स्वप्नात माणसं काहीही विचारतात. परवा माझ्या स्वप्नात कॉलेजच्या प्राचार्या शेळी विकत होत्या. मी मारितला म्हणाले, काही हरकत नाही. मम्मीला हे सांगितलं नाही. बंदरापलीकडच्या धावपट्टीवरून सुटणाऱ्या छोट्या विमानाची दोन तिकिटं माझ्या कपाटात होती. रविवारनंतरची.

५

सकाळी शिळा उचलली तेव्हा गादीवर तिच्या आकाराचा खड्डा पडला होता. तो पडणारच. काथ्याची जुनी गादी, शिळा सिमेंटची. पण शेजारी, भिंतीकडच्या बाजूला, दुसराही खड्डा होता. लांबट, खांद्यापाशी रुंद. मम्मी त्या बाजूला झोपायची, लग्न झाल्यापासून. पण तीन वर्षं कुठे होती ती? आणि मारित तर पलंगाच्या मधोमध झोपते, रोज चादर मी बदलते, मला माहीत आहे.

मी गादी उलटी केली आणि कामाला लागले.

शिळा घरामागच्या आमच्या दफनाच्या जागेत नेऊन बसवली. पाणी आणि कडक रम शिंपडली. मम्मीने अक्षरांवरून बोटं फिरवली आणि जराशी रडली, पण हसतच. तिला असं हलकं झालेलं मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. मनात म्हटलं, टँटी, ये आता आणि बघ.

डॅडींच्या खोलीत टेबल मांडलं. भाताचे मुटके, मक्याच्या पिठाचे गोळे, बोकडाचं मटण, रमचा पेला. मीठ मी माझ्या हाताने घातलं. चिमूटभर घालणार होते, पण मम्मी शेजारी उभी होती. "हात आखडू नकोस," ती म्हणाली. मग मूठभर पडलं.

दार ओढायला गेले तर मागून टँटी आली. हातात कापडाने झाकलेलं पांढरं ताट. कुणाशी न बोलता तिने ते आमच्या ताटाशेजारी ठेवलं.

"हे बिनमिठाचं आहे," ती म्हणाली. "माझ्या भावासाठी. तुमचा पाहुणा तुमचं खाऊ दे."

दार बंद झालं. ढोल वाजून संपेपर्यंत ते कुणी उघडायचं नसतं.

६

पहिला ढोल मोकळ्या रिंगणासाठी असतो. लोक गोल उभे राहतात, मध्ये कुणी जात नाही. ती वेळ मेलेल्यांची. त्यांचं नाचून झालं की मग जिवंतांचं. पाहुणे नेहमी विचारतात, किती वेळ? मी नेहमी सांगते, थोडाच. शनिवारच्या ढोलात मी तो वेळ अर्ध्यावर आणून ठेवला आहे. त्यावरून टँटी वर्षभर माझ्याशी बोलली नव्हती.

त्या दुपारी टँटी रिंगणाबाहेर आंब्याखाली बसली होती, खुळखुळा मांडीवर आडवा. ढोल तिच्या गाण्याविनाच सुरू झाले. ऊन रणरणत होतं. अंगण झाडून लख्ख केलेलं, रमने भिजलेली मधली जागा काळपट. सगळे त्या काळपट जागेकडे बघत होते आणि तिथे काहीच नव्हतं.

मग घरातून आवाज आला. डॅडींच्या बंद खोलीतून. चिनी मातीच्या ताटावर चमचा खरवडल्यासारखा.

"मांजर," मी मारितला म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितलं नाही. आवाज थांबला. त्याच क्षणी मधल्या ढोलवाल्या म्हाताऱ्या कॅन्यूटचा हात चुकला. तो चाळीस वर्षं वाजवतोय. त्याचा हात चुकत नाही. त्याने ठेका पुन्हा धरला, पण तो वेगळाच होता, जड, ओढलेला, आणि बाकीचे दोघे त्याच्या मागे गेले, जसं काही तोच वाजवायचा ठरला होता.

आणि मम्मी रिंगणात गेली.

"मम्मी, अजून नाही!" मी ओरडले. कुणी हललं नाही. मम्मीने उजवा हात पुढे केला, उंच, खांद्याच्या वर, आणि तो तिथेच टेकल्यासारखा राहिला. ती हळूहळू गिरकी घेऊ लागली. डोळ्यांनी अधू झालेली बाई अंगणात चालतानाही पाय चाचपडून टाकते. मम्मी चाचपडत नव्हती. तिला कुणीतरी फिरवत होतं.

मी स्वतःला समजावत होते. दुःख आहे, ऊन आहे, ढोल आहे. माणसं अशी नाचतात, मी शेकडो वेळा पाहिलंय, पाहुण्यांना त्याच्यावर माहितीही दिली आहे.

मग गिरकी पूर्ण झाली आणि तिची पाठ माझ्याकडे आली.

तिने पांढरा झगा घातला होता, खास आजच्यासाठी इस्त्री केलेला. कमरेच्या जरा वर कापड आत दबलं होतं. तळव्याएवढं. त्याच्या बाजूने बोटांच्या खाचा, पसरलेल्या. डॅडी नाचताना आपला डावा हात जिथे ठेवायचे तिथे.

मी बोटं मोजली नाहीत. मोजायची गरजच नव्हती. तो हात मी लहानपणी किती धरला होता. त्या हाताच्या पकडीत एका बाजूला नेहमी रिकामी जागा असायची, माझं मनगट तिथून निसटायचं.

इथे रिकामी जागा नव्हती. हात पुरा होता.

७

ढोल संपल्यावर खोलीचं दार मी उघडलं. आमचं ताट लख्ख पुसल्यासारखं. रमचा पेला तसाच, भरलेला. टँटीचं ताट टेबलावर नव्हतं.

ते मागच्या दाराबाहेर पायरीवर सापडलं. दाराला आतून कडी होती. ताट तसंच भरलेलं, कापड तसंच झाकलेलं, आणि शेजारी मातीत कुणीतरी बराच वेळ उकिडवं बसलं असावं तशी जागा दबलेली.

टँटी माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. मला वाटलं, आता ही सुनावणार. मी सांगितलं होतं, मी सांगितलं होतं. पण गुडघ्यावर हात रोवून ती खाली वाकली, दोन्ही हातांनी ताट उचललं आणि पदराआड घेतात तसं छातीशी धरलं.

"चल," ती म्हणाली. ते मला नव्हतं. "चल रे फिट्झरॉय. माझ्याकडे चल. इथे जागा नाही."

ती उतारावरून हळूहळू गेली. वाटेच्या एकाच बाजूने चालत, दुसरी बाजू मोकळी सोडून.

८

मारित सोमवारच्या बोटीने गेली. जाताना तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, इतकं खरं काही मी कुठेच पाहिलं नाही. तिला स्वप्न पुन्हा पडलं नव्हतं. ती अगदी टवटवीत दिसत होती.

मम्मीने आपली खाट उचलायला लावली. ती आता खोलीत झोपते, भिंतीकडच्या बाजूला. न्याहारीला तीन ताटं मांडते. मंगळवारी मी तिकिटं तिच्यासमोर ठेवली.

"मम्मी, बॅग भरूया. उद्या निघायचंय."

"मला नाही जायचं."

"शिळा बसली ना? आता काय अडलं?" माझा आवाज चढला. "डॉक्टर म्हणाले हे वर्ष. तू आंधळी होशील, मम्मी. पूर्ण."

ती बेक लाटत होती, डोळे भिंतीकडे. "ओरडू नकोस. तो जेवतोय."

टेबलाच्या टोकाची खुर्ची जराशी मागे ओढलेली होती. मी तिकडे बघितलं नाही. मी मम्मीजवळ गेले, अगदी कानाशी.

"मम्मी, डॅडींचा डावा हात..."

"हळू." तिने पिठाचा हात क्षणभर माझ्या तोंडावर ठेवला. "तीस वर्षं धरला मी तो हात. मला सांगायला डोळे लागतात का?"

"मग..."

"मला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक नाही. मी फिट्झरॉय म्हणते, तो ओ देतो. तोवर ठीक आहे." ती इतक्या हळू बोलत होती की शब्दांपेक्षा श्वासच जास्त ऐकू येत होता. "मी त्रिनिदादला गेले तर इथे त्याच्याबरोबर कोण राहील? माझं नाव घेऊन हाक मारतो तो. काल तुझंही विचारलं."

"तू सांगितलंस?"

"मी म्हटलं, ती पाहुणी आहे. जाणार आहे." तिने पिठाचा हात झग्याला पुसला. "तिकीट आहे ना तुझं? उद्या जा. आणि मागे वळून हाक मारू नकोस मला. मम्मी म्हणून तर नाहीच."

मग ती वळली आणि मोठ्याने, रोजच्या आवाजात, जरा हसूनच म्हणाली, "अहो बाई, तेवढं मीठ सरकवता का इकडे? आमच्या माणसाला कमी पडतंय."

मी मिठाचं भांडं उचललं. टेबलावरून सरकवलं, खुर्चीपर्यंत पोचेल एवढं.

ते मधे कुठेच अडखळलं नाही. कुणीतरी ते धरलं, घट्ट, पुऱ्या हाताने.